नंदीचा दुसरा कान

ताईचा रिपोर्ट सकाळी पावणेआठला माझ्या मोबाइलवर आला. लॅबच्या फॉर्मवर नंबर माझा दिला होता, कारण ताई स्वतःचा फोन पिशवीच्या तळाशी ठेवते आणि तो वाजला की आजूबाजूच्या लोकांकडे रागाने बघते. गॅसपाशी उभी राहून मी रिपोर्ट वाचला. इंग्रजी लांबलचक होतं, पण ज्या शब्दाची आठ दिवस धास्ती घेतली होती तो शेवटून दुसऱ्या ओळीत होता. बाहेर ताई पोह्यांवर लिंबू पिळत बसली होती. "दाणे कमी टाकले तू," ती म्हणाली. मी मुकाट्याने आणखी दाणे तळून दिले.

डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी अकराची होती. त्याआधी तिला सांगणं भाग होतं, आणि सांगणारी मीच. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून तर ती वर्ध्याहून माझ्या भरवशावर आली होती. मी ठरवलं, संध्याकाळी सांगू. तोवर एक दिवस तिला सुखाचा जाऊ दे. पस्तीस वर्षं पुण्यात राहून मी तिला धड पुणं दाखवलं नव्हतं. आली की मंडई, लक्ष्मी रोड आणि घरी परत, एवढंच.

"आज फिरू या," मी म्हटलं.

"आन् रिपोर्ट?"

"संध्याकाळी येईल."

खोटं इतकं सहज निघालं की माझी मलाच लाज वाटली.

रिक्षावाल्याने स्वारगेटला उगाच वळसा घातला. मी गप्प बसले. ताई माझ्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे.

पहिलं संग्रहालय जुन्या घरगुती वस्तूंचं. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या पितळी वज्र्या. सगळं काचेमागे. वीज वाचवायची म्हणून तिथे एक पद्धत होती: माणसं दालनात शिरली की तिथल्या बाई दिवे लावायच्या, माणसं पुढे गेली की मागचे बंद करायच्या. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. त्यामुळे पुढे उजेड आणि पाठीमागे खटका वाजून अंधार, असं आमचं चाललं होतं. मला ते आवडलं नाही. अंधार पडलेल्या दालनात त्या वस्तू तशाच मांडलेल्या असणार, हे डोक्यातून जाईना.

फण्यांच्या कपाटापाशी ताई थांबली. हस्तिदंती फण्या होत्या, बारीक दातांच्या. एकीचे मधले दोन दात मोडलेले.

"केस दाट असतील तिचे," ताई म्हणाली. "कुठी गेल्या या बाया?"

"ताई, दोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत त्या."

"मेल्या म्हण ना सरळ."

मी वळून पुढच्या दालनात गेले, कपाटातली वाद्यं बघू लागले. मागे खटका वाजला. दारातल्या बाईंनी विचारलं, "दोघीच ना तुम्ही?" मी हो म्हटलं आणि बाजूला पाहिलं, तर ताई नव्हती.

मी मागच्या दालनाच्या उंबऱ्यावर गेले. आत काही दिसत नव्हतं. हाक मारली. परत मारली. फण्यांचं कपाट डाव्या हाताला होतं, ते मला पक्कं माहीत होतं. आवाज आला तो उजवीकडच्या कोपऱ्यातून, अगदी शांत.

"इथंच आहो मी."

"काय करतेयस?"

"कसं वाटते ते पाहून राहिली."

त्या बाईंनी घाईने दिवे लावले. ताई भिंतीला पाठ लावून, हात जुळवून उभी होती. समोरच्या काचेत तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब करंड्यांच्या ओळीत पडलं होतं. एरवी मी तिला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी फक्त म्हटलं, "चल, चहा घेऊ."

चहानंतर परत घरी न्यायला हवं होतं. पण घरी गेलं की सांगावं लागणार, म्हणून मी तिला दुसऱ्या संग्रहालयात नेलं. हे पुरातत्त्वाचं, जुन्या दगडी इमारतीतलं. शिक्षिका असताना शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे अनेकदा गेले होते आणि मुलांना रांगेत ठेवण्याच्या नादात आत नेमकं काय आहे ते विसरले होते. काचेखाली सांगाडे होते. तीन हजार वर्षांपूर्वीची, इथल्याच नदीकाठच्या गावांतली माणसं. आम्हाला एक अभ्यासक बाई भेटल्या, त्यांनी न विचारता माहिती दिली: हे लोक गेलेल्या माणसाला घरातल्याच जमिनीखाली पुरायचे, आणि पाय घोट्यापासून तोडायचे. त्याचं भूत होऊन भटकू नये म्हणून, असा अंदाज आहे.

"भूत कायचं," ताई म्हणाली. "जाऊ द्यायचं नसन त्यायले."

बाई हसल्या आणि निघून गेल्या. ताईने चपलेतून पाय काढला, वाकून आपल्या घोट्याला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पाय परत चपलेत घातला. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे माळी झाडांना पाणी घालत होता आणि मला त्याचा हेवा वाटला.

चार वाजता आम्ही पाताळेश्वराला पोचलो. वर रस्त्यावर बसगाड्यांचा गोंगाट, आणि खाली खडकात कोरलेलं महादेवाचं लेणं. आत गार आणि ओलसर. खांबापाशी एक मूर्ती आहे असं समजून मी बघत होते, तर तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. जप करत बसलेले गृहस्थ होते. कातळात कोरीवकाम अर्धवट सुटलंय, ते ताईने माझ्याआधी हेरलं. काम का थांबलं ते तिने विचारलं नाही.

बाहेर गोल दगडी मंडपात नंदी. त्याच्या कानात मागणं सांगायची रीत तिला पक्की ठाऊक. एका कानात बोलायचं तर दुसरा झाकायचा, नाहीतर गोष्ट महादेवापर्यंत न पोचता पलीकडून निघून जाते. आपल्याच हाताने झाकतात. पण काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढल्यापासून तिचा उजवा हात वर जात नव्हता.

"तू झाक," ती म्हणाली.

मी पलीकडे गेले आणि नंदीच्या कानावर तळवा ठेवला. दगड थंडगार होता. कान मोठा, माझा तळवा पुरला नाही. ताई पलीकडे वाकली; मला ती दिसेना, नुसता तिचा आवाज त्या दगडातून आल्यासारखा आला.

"लहानीले सकाळपासून सांगता येऊन नाही राहिलं. तिले जमव बापा."

लहानी म्हणजे मी. मी हात काढला नाही.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

ती नंदीला वळसा घालून आली. "तूच. दाणे तळून देल्ले. रिक्षावाल्याशी भांडली नाही. मी अंधारात लपली तरी बोलली नाही. इतकी गोड तू आई गेली त्या दिवशी होती फक्त."

"मुद्दाम लपलीस?"

"पाहून राहिली होती, कधी चिडते ते."

मंडपाच्या पायरीवर बसून मी फोन काढला आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत रिपोर्ट वाचला. तो शब्द दोन्ही वेळा स्पष्ट म्हटला. ताईने मान हलवली, रेल्वेची वेळ कळल्यावर हलवते तशी. मग पदराने दोन्ही हात पुसले, कोरडेच होते तरी.

"आता नेहमीसारखी बोल माझ्याशी," ती म्हणाली. "काही टोचून बोल. मले भेव लागून राहिलं."

साठ वर्षांत तिने हे कधी कबूल केलं नव्हतं. मी तोंड उघडलं. तिच्या दातांवरून, पिशवीतल्या फोनवरून, वर्ध्याच्या उन्हावरून, कशावरूनही तिला टोचायला मला आयुष्यभर क्षणही लागला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, आणि मला एकही शब्द सापडला नाही.