हुंकाऱ्याची जागा

आजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि कागदावर अंगठा उठवायला साफ नकार दिला.

मी नागपूरच्या एका ऑडिओबुक कंपनीत साउंड एडिटर आहे. अल्लीपूरच्या एका मास्तरांची वऱ्हाडीतली कादंबरी आम्ही आवाजात आणत होतो. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, पुस्तक कुठेच मिळत नाही, नाव कोणाला आठवत नाही. हक्क त्यांच्या बायकोकडे, म्हणजे या आजींकडे. त्या सिंदीला लेकाकडे राहतात; रेकॉर्डिंग ऐकवून परवानगीचा कागद घ्यायला मी तिथं आले होते. त्यांना अक्षरओळख नाही.

कंपनीतून सरांचा फोन आला. "आज कागद झाला नाही, तर आपण दुसरं पुस्तक घेऊ."

मला वाईट वाटलं. हे पुस्तक सुटलं असतं तर पुन्हा कोणी हातात घेतलं नसतं. आजींना विचारलं, आवाज आवडला नाही का?

"पोरगा बरा वाचते. पन थांबतच नाई. मी हूं कवा म्हनू?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तर रात्री लिहीत आणि सकाळी चुलीपाशी बसून वाचून दाखवत. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा, ही तिकडची रीतच. आजींनी हूं म्हटलं तरच मास्तर पुढे वाचत. हूं आलं नाही, तर पान चुलीत.

खरं तर आमचा आर्वीचा वाचक, म्हणजे हा पोरगा, जागोजागी थांबला होता. त्या थांबण्याला आम्ही गॅप म्हणतो. ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून गॅप कापायचा, हा आमच्याकडचा नियम. मी मन लावून सगळे कापले होते.

न कापलेली फाइल लॅपटॉपमध्ये होती. हेडफोन बाजूला ठेवून ती मोकळ्या अंगणात लावली. दुपार कलली होती. कुठूनसा कापसाचा पुंजका तरंगत येत होता. वाचक थांबला, की आजी म्हणायच्या, हूं. डोळे मिटलेले. घटकाभरात मला वाटायला लागलं, की मास्तरच ओट्यावर बसलेत आणि मी उगाच मधे आलेय.

एका जागी हूं आलंच नाही.

कादंबरीतल्या बाईचं तान्हं लेकरू गेलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी ती कापूस वेचायला जाते. वेचलेल्या कापसानं कमरेची ओटी भरत जाते, आणि चालता चालता ती त्या ओटीला थोपटत राहते. एवढाच तो प्रसंग.

मी फाइल थांबवली. आजींनी डोळे उघडले होते.

"हे पान त्यानं मले वाचून नाई दाखवलं," त्या म्हणाल्या. त्यांचा हात स्वतःच्या कमरेशी गेला. "मले वाटे, तवा त्याचं माह्याकडे लक्षच नव्हतं."

माझे डोळे भरून आले.

"मांगं घे, माय."

मी मागे घेतलं. ओटी पुन्हा थोपटली गेली, वाचक थांबला.

"हूं," आजी म्हणाल्या. आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.

पुस्तक गॅपसकट निघालं. फाइल लांबली म्हणून सर कुरकुरले, मग गप्प बसले. आवाज मध्येच थांबतो, अशी श्रोत्यांची तक्रार अजून येते. उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आहे. मी कळवते, फाइल ठीक आहे, तिथं तुम्ही हूं म्हणायचं.