मोहाच्या फांदीवरचं शून्य

लिहिणं हे आमच्या घरचं काम नाही. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, आणि गणितावर लिहायचं तर माझ्याहून हुशार मुलं वर्गात आहेत. आगाऊपणा वाटला तर आधीच माफ करा.

घर दरेकशाजवळ, जंगलाला लागून. कॉलेज गोंदियात, म्हणून तिथं जवळच फुलचूरला एका मित्रासोबत खोली घेतलेली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा बीजगणिताचा पेपर राहिला. तो निघाला तरच तिसऱ्या वर्षाला प्रवेश. बहुपदीची वास्तव शून्यं काढायची, म्हणजे क्षला कोणती किंमत दिली की सगळं मिळून शून्य होतं ते शोधायचं. मी नेमका तिथंच अडकायचो.

सुट्टीत घरी होतो. आमच्याकडे रेंज शोधावी लागते. धाकटी बहीण मोबाईल धरून माझ्यापुढं रस्त्यानं चालली होती. "इथं नाही. तिथं रेंजची एक डंडी होती. मंग मधात पाहू." मग त्याच्याही मधात. मी थांबलोच. बहुपदीचंही असंच: एकीकडे किंमत उणे, दुसरीकडे अधिक, तर शून्य मधात कुठंतरी असणारच. अंतर अर्धं अर्धं करत जायचं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी कायले गोंदियाले जाऊन राहिला तू, दादा? मी घरीच शिकवलं असतं!"

त्या जोरावर वर्गात परतलो. मॅडमनी फळ्यावर एक बहुपदी दिली. क्ष शून्य धरला तर किंमत उणे, एक धरला तरी उणे. मी उभा राहून म्हणालो, "यांच्या मधात काही नाही, मॅडम."

"नक्की?" त्यांनी आलेख काढला. खालून वर आलेली रेघ अर्ध्यापाशी अक्षाला शिवली आणि परत खाली गेली. "चिन्ह बदललं तर मधात शून्य असतंच. पण नाही बदललं म्हणून नसतंच, असं कोणी सांगितलं, बेटा?"

त्या रेघेत मला आमचं मोहाचं झाड दिसलं. घरामागच्या वाटेवर झाडाच्या अलीकडे रेंज नाही, पलीकडेही नाही. फक्त त्याच्या एका फांदीपाशी येते. म्हणून आजूबाजूचे लोक पिशवीत मोबाईल घालून तिथं टांगून ठेवतात. येणारा-जाणारा हाक देतो, "अवो मावशी, तुमचा वाजून राहिला!" त्या झाडाखाली मोठा झालेला मी, आणि मीच म्हणालो, मधात काही नाही.

फेरपरीक्षेत तसाच एक प्रश्न आला. दोन्हीकडे उणे. मधात काही नाही म्हणून मी पुढं सरकलो नाही. मधली किंमत घालून पाहिली, आणि शून्य आलं. बाकी पेपराची मात्र खात्री नव्हती.

निकालाच्या दिवसांत घरी आलो. मित्र गोंदियात निकाल पाहून कळवणार होता. माझा मोबाईल फांदीवर. बाबा धानाच्या बांधीतून येताना झाडाखाली मान वर करून उभे राहायचे. आई हसायची, "पाहून पाहून आंबा पिकते का?" पण पाणी आणायला तीही त्याच वाटेनं जायची, जवळची वाट सोडून.

एका दुपारी बहीण पिशवीसकट मोबाईल घेऊन पळत आली. धाप लागलेली, तरी मित्राचा मेसेज तिनंच मोठ्यानं वाचला: "निकल गया भाई! तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भराले लवकर ये."