खोकेकाकांनी भरलेली बोट

खोकेकाका हे नाव त्यांना कारखान्यात पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पॅकिंग खातं सांभाळलं. कप, बशा, सुरया, नाजूक कानांचे मग, सगळं त्यांच्या हाताखालून बाहेर गेलं. चोवीस कपांच्या खोक्यात त्यांनी एकदा सव्वीस बसवले होते, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. त्यातला एखादा कप सांगणाऱ्याने पदरचा घातला असेल, पण माल शाबूत पोचला होता याबद्दल दुमत नाही. खोक्यात जागा रिकामी राहिली की माल हलतो आणि हलला की फुटतो, हे काकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरचा फ्रिजसुद्धा त्याच पद्धतीने लागायचा. एक टोमॅटो हवा असला तर आधी सहा वस्तू ओट्यावर काढून ठेवाव्या लागत. काकू त्याला फ्रिज म्हणतच नसत. "गोदामातून दूध काढा जरा," असं म्हणत.

तर अशा माणसाच्या हाती क्रूझचं बुकिंग आलं.

निमित्त लग्नाच्या चाळीस वर्षांचं. लेकीचा बेत हॉल घ्यायचा, केक कापायचा, आणि ज्यांची तोंडं चाळीस वर्षं टाळली त्यांना मुद्दाम बोलावून जेवू घालायचं असा होता. काकूंनी तो पहिल्याच वाक्यात मोडीत काढला.

"हॉल नको नि केक नको," त्या म्हणाल्या. "मला समुद्रावर जायचंय. सगळे चला, मजा करा. पण आम्हा दोघांना बाल्कनीची खोली हवी. दार लावलेलं. आणि सकाळचा चहा आम्ही दोघंच घेणार. एवढंच."

हे 'एवढंच' किती मोठं होतं ते घरातल्या माणसांना ठाऊक होतं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा घर दोन खोल्यांचं, आणि पडद्याच्या पलीकडे सासरे. ते रात्रभर खोकायचे, आणि थांबले की काळजी वाटायची. मग लेक झाली, ती सात वर्षं दोघांच्या मध्ये आडवी झोपली. तिला तिची खोली मिळते न मिळते तोच काकांच्या थोरल्या बहीण, आक्का, नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आल्या. आक्का हॉस्पिटलात रात्रपाळीच्या परिचारिका. कामावरून सकाळी परतायच्या आणि दिवसभर पातळ लाकडी भिंतीपलीकडे झोपायच्या, त्यामुळे घरात दिवसासुद्धा कुजबुजत बोलायची पद्धत पडली. आता आक्काही निवृत्त झाल्या होत्या, पण भिंत तीच होती आणि आक्कांचे कान आक्कांचेच होते.

काकांनी शब्द दिला. तोंडात बिस्किट होतं, पण दिला.

कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल ऑफिसात बुकिंग करणारी एक चलाख मुलगी होती. तिने रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. भाड्याचा आकडा अंगठ्याएवढा होता, त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांनी लिहिला होता. काकांनी खिशातून भिंग काढलं. कपांना गेलेले केसासारखे तडे याच भिंगाने दिसायचे.

"हे भाडं माणशी?"

"माणशी. पण एका केबिनमध्ये दोघं धरून."

"आणि एकटाच असला तर?"

"तर दोघांचं."

"जेवणार एकटाच ना?"

"एकटाच."

"मग दुसऱ्याचं जेवण जातं कुठे?"

"काका, ते रिकाम्या पलंगाचं भाडं असतं," मुलगी म्हणाली.

रिकाम्या पलंगाचं भाडं! काका खुर्चीत मागे रेलले. कुणी त्यांना रिकामं खोकं मालाच्या भावाने विकलं असतं तरी एवढा धक्का बसला नसता. त्यांचा चेहरा पाहून मुलीला दया आली असावी. ती घाईने म्हणाली, "पण तिसरा नि चौथा माणूस त्याच केबिनमध्ये आला तर त्यांना जवळजवळ निम्मंच लागतं. छतातून बर्थ खाली येतात, नाहीतर सोफ्याचा पलंग होतो."

काकांच्या डोळ्यांत ती चमक आली जी एके काळी पंचविसावा कप पाहून यायची. पुढचा दीड तास त्यांनी त्या मुलीला उठू दिलं नाही. बंदराचा कर वेगळा. मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण भाड्यात, पण वरच्या मजल्यावरच्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये पाऊल टाकलं की मीटर सुरू. मशीनची कॉफी फुकट, फेसाची कॉफी विकत. पेल्यातलं पाणी फुकट, बाटलीतलं विकत. इंटरनेट प्रत्येक फोनमागे वेगळं. बंदरावर उतरून बोटीवाल्यांच्या बसने फिरलं तर वेगळं, स्वतःच्या पायांनी फिरलं तर काही नाही. आणि बोटीवरच्या नोकरवर्गासाठी सेवाशुल्क, माणशी, दर रात्रीचं.

"माझ्या नातीलापण? सहा वर्षांची आहे. ती काय सेवा घेणार?"

"तीच सगळ्यात जास्त घेणार, काका. चादरीवर आइस्क्रीम मोठी माणसं सांडत नाहीत."

काकांनी ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर पहिला बळी जावईबापूंचा गेला. त्यांना ड्रिंक्स पॅकेज हवं होतं, म्हणजे एकदाच पैसे भरायचे आणि मग हवे तेवढे पेले. बोटीचा नियम असा, की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने ते घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. लेकीला तर सरबतसुद्धा चढायचं. काकांनी दोघांचे पैसे धरून भागाकार केला.

"जावईबापू, रोज चौदा पेले."

"काय?"

"वसूल व्हायला हवं ना? हिचे सात नि तुमचे सात. हिचे तुम्हालाच घ्यावे लागतील."

"बाबा, मी एवढा पीत नाही हो!"

"मग सुटे पेले घ्या."

जावईबापूंनी सुटे पेले घ्यायचं कबूल केलं. सासऱ्याच्या तोंडून आपल्या पिण्याचा भागाकार ऐकायला लागला, याचं दुःख त्यांना पुढे बरेच दिवस पुरलं.

रविवारी काकांनी आखलेला कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवून समजावलं. माणसं सात, केबिना दोन. पहिलीत लेक नि जावई पूर्ण भाड्याचे, नातू नि नात निम्म्याची, छतातल्या दोन बर्थांवर. दुसरी केबिन बाल्कनीची. तीत काका नि काकू पूर्ण भाड्याचे, आणि आक्का सोफ्यावर, निम्म्यात.

"एक पलंग रिकामा नाही," काका म्हणाले. "आक्का वेगळ्या केबिनमध्ये गेली असती तर दोघींचं भाडं पडलं असतं. वाचवलं की नाही?"

लेकीने आईकडे पाहिलं. जावईबापू एकाएकी पाणी पिण्यात गढून गेले. आक्कांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बरं," काकू म्हणाल्या.

काकूंच्या 'बरं'चे प्रकार होते. भाजी आणायला हवी हे कळलं की एक, पाहुणे येणार म्हणून कळलं की दुसरा. हा तिसरा होता. तो वर्षा दोन वर्षांतून एकदाच निघायचा. टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना तो ओळखू आला. ज्यांना उद्देशून होता ते मात्र कागदाची घडी घालत होते. इतकी वर्षं पॅकिंग खात्यात काढल्यामुळे असेल, पण एकदा माल खोक्यात चपखल बसला की तो कुणासाठी भरत होतो हे काका विसरत. आपण दिलेला शब्द त्यांना मुद्दाम मोडायचा नव्हता. तो त्यांच्या कागदात कुठे बसलाच नव्हता, एवढंच.

दोन दिवस घर फार गोडीगुलाबीने चाललं. काकू काकांना 'हो' म्हणत होत्या, दुसऱ्यांदा चहा विचारत होत्या. ज्यांना काकूंची माहिती होती त्यांनी घराबाहेर कामं काढली.

मंगळवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता काकू म्हणाल्या, "अहो, एक सुचलंय. बघा हं, जमतंय का."

"काय?"

"वन्संची कंबर सोफ्यावर धरेल. त्यापेक्षा बाल्कनीच्या केबिनमध्ये दोन्ही पलंगांवर मी नि वन्सं झोपतो. नातीला आमच्या सोफ्यावर घेतो. तुम्ही जा लेकीच्या केबिनमध्ये, नातवाशेजारच्या बर्थवर. शिडी आहे म्हणे त्याला. आम्ही बायका मोकळेपणाने राहू. खर्च तेवढाच येतो ना?"

काकांनी पेन्सिल घेतली. बाल्कनीत दोन पूर्ण नि एक निम्मी. पलीकडे दोन पूर्ण नि दोन निम्मे. पैसा इकडचा तिकडे होत नव्हता. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. त्यांनी भरलेलं खोकं कुणी उपसून दुसऱ्या तऱ्हेने भरावं, आणि बोटभर फट राहू नये, असं चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

"वा!" ते मनापासून म्हणाले. "अगं, तुला आमच्या खात्यातच घ्यायला हवं होतं!"

काकूंनी हातातला टॉवेल घडी न घालताच ढिगावर टाकला आणि त्या उठून गेल्या.

लाकडी भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला. "इकडे ये."

काका गेले. आक्का खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर नवशिक्या डॉक्टरांच्या चुका निस्तरल्या होत्या, आणि भावाकडे त्या आता त्याच नजरेने पाहत होत्या.

"तुला बायकोने खोलीबाहेर काढलं," त्या म्हणाल्या, "आणि तू तिला शाबासकी दिलीस. असा माणूस मी चार हॉस्पिटलांत पाहिला नाही."

"पण आक्का, हिशेब बरोबर..."

"हिशेबाला आग लाव. तिने काय मागितलं होतं?"

बिस्किट, बाल्कनी, दार, चहा, हे काकांना त्या क्रमाने आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तिने निळा गाऊन आणलाय," आक्का म्हणाल्या. "कपाटात मागे ठेवलाय, मला दिसू नये म्हणून. या घरात मला न दिसणारं काही असतं का? तो काय मी सोफ्यावरून बघावा म्हणून आणलाय?"

"मग तुझं काय करायचं?"

"माझं काय करायचं म्हणजे? मी काय सुरई आहे? मला विचारलंस का एकदा तरी? सव्वीस वर्षं त्या भिंतीतून तुझं घोरणं ऐकतेय, ते समुद्रावर जाऊन जवळून ऐकू? मला एकटीची केबिन हवी. बाल्कनी नको नि खिडकीही नको. दिवसा झोपून झोपून मला उजेडाचं वावडं झालंय. मिट्ट काळोख हवा, आणि आतून कडी."

"एकटीला दोघींचं भाडं पडतं, आक्का."

"मी भरते. माझी पेन्शन काय बँकेत लोळायला ठेवलीय?"

"नाही," काका म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, पण म्हणाले. "शब्द मी दिला होता."

केबिना त्या मुलीने गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवल्या होत्या. त्यानंतर पूर्ण पैसे भरायचे, आणि कोण कुठल्या केबिनमध्ये हे बदलायचं तर दंड. गुरुवारी चार वाजता काका काकूंना म्हणाले, "चल, तुझी सही लागते." काकू निघाल्या. त्यांच्या मते त्या आपल्या नि वन्संच्या केबिनवर सही करायला निघाल्या होत्या.

ऑफिसात गर्दी होती. मागे रांगेत एक जाडजूड गृहस्थ, एक आई नि तिची दोन मुलं, आणि फक्त पंख्याच्या वाऱ्याला आत आलेला वाटावा असा एक जण. काकांनी नवा कागद पुढे सरकवला. तो आखलेला नव्हता.

मुलीने वाचला. "काका, तीन केबिना?"

"तीन."

"ही आतली, बिनखिडकीची, एकाच बाईंसाठी? दोघांचं भाडं पडेल. शिवाय त्यांचं सेवाशुल्क नि बंदराचा कर. तुम्हाला सांगितलं होतं ना मी..."

"सांगितलं होतंस. लाव."

"आणि बाल्कनीत फक्त दोघं? सोफा रिकामा जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले. आकडा आला तेव्हा त्यांनी भिंग काढलं नाही, त्यांचे हात खिशातच राहिले. काकू टेबलावर वाकून मुलीच्या स्क्रीनकडे पाहत होत्या. तिथे तीन चौकोन होते आणि मधल्या चौकोनात दोनच नावं होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"शेवटचं एक," मुलगी म्हणाली. तिचा आवाज ऑफिसभर ऐकू जायचा, तिला इलाज नव्हता. "बाल्कनीच्या केबिनमधले पलंग कसे हवेत? जोडून की वेगवेगळे?"

मागचे गृहस्थ अंग चोरून उभे राहिले. वाऱ्याला आलेला माणूस भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे पाहू लागला. काकांचे कान तांबडे झाले.

"ते... ते देतील तसं," काका म्हणाले. "आम्हाला काय, कसंही..."

"तसं चालत नाही, काका. इथे खूण करावी लागते."

काकांनी छताकडे पाहिलं.

"जोडून," काकू म्हणाल्या, आणि पर्स उघडून सहीसाठी स्वतःचं पेन काढलं.