जतच्या माळावरच्या पिसवा

लोकांची पोरं डॉक्टरेट करतात ती चारचौघांत सांगता येईल अशा विषयात. माझा विषय होता रानातल्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा. ऊसवाल्या घरातली पोर पिसवा वेचायला निघाली म्हणून गावानं माझी यथेच्छ थट्टा केली. फौजेतून निवृत्त झालेले वडील पाहुण्यांना "प्राण्यांचं कायतरी करती" एवढंच सांगायचे आणि घाईनं चहा मागवायचे.

मला मात्र पिसवांनी वेड लावलं होतं. आमच्या कृष्णाकाठच्या उसात, ओल्या पाचटात हिंडणारा उंदीर धरून पांढऱ्या परातीवर त्याला फणी फिरवली की पिसवा टणाटण उडायच्या. जतच्या कोरड्या माळावर कसं असतं, ते मला बघायचं होतं. तिथल्या पावसाळ्यातल्या आणि थंडीतल्या पिसवा मिळाल्या होत्या. राहिला होता उन्हाळा, आणि आभाळ तर रोज दुपारी भरून यायला लागलेलं. एकदा पाऊस पडून माती भिजली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात चोळत बसायचं.

मुक्काम होता मेंढरं पाळणाऱ्या एका बाईंकडे. नात्यागोत्याच्या नव्हत्या, पण पहिल्याच दिवशी मी त्यांना मामी म्हणायला लागले. संध्याकाळी माळावर भजी लावून पिंजरे मांडायचे, सकाळी उचलायचे. कित्येक दिवस भजी नुसती मुंग्यांनीच खाल्ली. अखेर एका सकाळी चार-पाच उंदीर सापडले. पिंजरे कोकरांशेजारी सावलीत ठेवले, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, म्हणून मामींच्या घागरी घेऊन मी रांगेत गेले.

परत येऊन पहिल्या उंदराला फणी फिरवली. एकही पिसू नाही. दुसरा, तिसरा, परात लख्ख. मी हरखलेच! उन्हाळ्यात माळावरच्या उंदरावर पिसूच राहत नाही, केवढा शोध! मग हातातल्या उंदराच्या अंगाचा वास नाकात शिरला. मेंढरांच्या गोचीड-औषधाचा वास.

"आवं मामी, उंदरांवर औषध मारलं का काय?"

"व्हय की. आज मेंढरांवर फवारायचा दिस. दारातल्या एका जनावराला द्यायचं आन् दुसऱ्याला न्हाई, असं आमच्यात चालत न्हाई. लय खाजवत हुती गं बिचारी. आता बघ, कशी गप बसल्यात."

दारातल्या जनावरांत दुजाभाव करायचा नाही, ही त्या घराची रीत. रागवायचं तरी कुणावर? मी चक्क रडले. माझं वर्ष वाया गेलं हे कळल्यावर मामींचं तोंड एवढंसं झालं.

पण रडता रडताही डोकं चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. पिसू काही जन्मभर उंदराच्या अंगावर बसत नाही. तिची अंडी, अळ्या सगळं बिळात. वर माती तापली की गारव्याला खालीच दडून राहणार. औषध उंदराला लागलं होतं, बिळाला कुठे लागलं होतं?

कुदळ घेऊन आम्ही दोघी माळावर गेलो. खणता खणता मामींनी उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तळाशी गवताचा गोळा लागला. तो परातीवर झटकला आणि पिसवाच पिसवा! माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला, ते म्हणाले, प्रबंधात बिळांचंच वेगळं प्रकरण कर. मी खुळ्यासारखी हसत काचेच्या नळ्या भरायला लागले.

मागून मामींची दबकी हाक आली. त्या उकिडव्या बसल्या होत्या, एक हात पुढे धरून. मनगटावर एक पिसू निवांत रक्त पीत होती. जन्म मेंढरांत गेलेली बाई. पिसू दिसली की नखांत चिरडायची, हे त्यांच्या बोटांना सांगावं लागत नसे. आज तो दुसरा हात त्यांनी पाठीमागे पदरात गुंडाळून धरला होता.

"बिगी बिगी ये गं पोरी," त्या श्वास रोखून म्हणाल्या. "लय चावतीया. पर मारली न्हाई मी."