अक्कांच्या पत्र्यावरची नावं

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर चार पानं सलग लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. महानंदा अक्कांवर लिहिण्याचा अधिकार माझ्याआधी कितीतरी जणांचा आहे. सेलूला स्टेशनजवळ त्यांची खानावळ होती, आणि तिथं जेवून शिकलेली, नोकरीला लागलेली माणसं पार पुण्यापर्यंत पसरली आहेत. त्यातलं कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण शोकसभेत मागच्या रांगेत उभा राहून मी जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसवेना. अक्का सोशिक होत्या, त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही, असं तिथं तिघं-चौघं बोलले. हा लेख मी आधी माझ्या सरांना दाखवला. सर म्हणाले, चांगलं आहे, फक्त तो पत्र्याचा प्रसंग गाळ, गेलेल्या माणसाच्या मागं वाद नको. सरांबद्दल मला आदर आहे. पण तो प्रसंग मी गाळणार नाही. अक्का सोशिक नव्हत्या. आणि त्या प्रसंगात चूक माझी आहे, त्यांची नाही.

मी जिंतूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. बी.ए.साठी सेलूला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी अक्कांनी मला ताट वाढायच्या आधी नाव विचारलं आणि पाठोपाठ विचारलं, "काय चालत न्हाई तुला? न् कवा?" दाराशेजारी भिंतीला काळा रंग दिलेला एक मोठा पत्रा टांगलेला होता. त्यावर खडूनं जेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढं त्याचं न चालणं लिहिलेलं. शनिवारी मीठ नाही. एकादशी, पण जिरं चालतं. एकादशी, जिरं चालत नाही. कांदा-लसूण नाही. कापसाच्या जिनिंगमधले एक कारकून वांगं खात नसत, कारण त्यांचे वडील काशीला वांगं सोडून आले होते आणि वडील वारल्यावर ते वांगं यांच्याकडे आलं होतं. सोनपेठचा सलीम आयटीआय करून त्याच जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागला होता. त्याच्या नावापुढं 'रोजे' एवढंच. त्या महिन्यात त्याचा पहाटेचा डबा अक्का संध्याकाळीच बांधून ठेवायच्या, आणि सूर्य मावळायच्या सुमाराला त्याच्यासाठी बशीत खजूर.

अक्का स्वतः लिंगायत. गळ्यात चांदीच्या करडग्यात, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग. सकाळी ते तळहातावर घेऊन त्यांची पूजा चालायची तेव्हा गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला तरी त्या मान वळवत नसत. पूजा झाली की मात्र जग सुरू. भाकरी थापता थापता त्या जे बोलायच्या, ते मी तेव्हा टिपून ठेवायला हवं होतं. एकदा दोन एकादशीवाल्यांची कोथिंबिरीवरून जुंपली. एक म्हणाला, चालते. दुसरा म्हणाला, चालत असती तर आमच्याकडं घातली नसती का? पहिला म्हणाला, तुमच्याकडं काय शास्त्र शिकलेलं हाय कुणी? अक्कांनी दोघांच्या भगरी वेगळ्या वाढल्या आणि मला म्हणाल्या, "बघ, ह्ये देवासाठी भांडायलेत असं वाटतंय का तुला? ह्येच्या आईनं कोथिंबीर घातली, त्येच्या आईनं घातली न्हाई. आपापल्या आईपायी भांडायलेत लेकरं."

मी तेव्हा नव्यानं वाचायला लागलो होतो. चार पुस्तकं वाचून मला वाटायला लागलं होतं की जगातला सगळा घोळ मला समजला आहे. मी त्यांना सांगितलं, माझ्या नावापुढं काही लिहू नका, मी काहीच मानत नाही. अक्का हसल्या नाहीत. खडू घेतला आणि लिहिलं, 'काही नाही'. "कामून लिहिलं?" मी विचारलं. "शनवारवाल्याचं मीठ मी पाळते, काशीचं वांगं पाळते, मग तुझं काही न्हाई कामून पाळू नये? आता कुणी तुला अंगारा लावाया आला तर मी म्हणंन, पत्र्यावर बघ आधी." आणि त्या तशा वागल्याही. श्रावणात कुणीतरी जेवायच्या आधी सगळ्यांनी श्लोक म्हणायची टूम काढली, तेव्हा अक्का पळीनं पत्र्याकडं बोट... म्हणजे पळीच दाखवत म्हणाल्या, "महाराजांना सोडून." त्या दिवसापासून मला सगळे महाराज म्हणायला लागले.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. मी सेलूला आलो तेव्हा आईनं, मी पास होऊन पदवी हातात घेईपर्यंत गोड सोडलं होतं. कोणत्या देवाला बोलली हे मी विचारलं नाही, चिडलो मात्र होतो. असल्या गोष्टींनी कुणी पास होतं का, असं तिला सुनावून मी बसमध्ये बसलो. आणि तरीही सोमवारी अक्का गव्हाची गुळातली खीर, त्यांच्या भाषेत हुग्गी, करायच्या, तेव्हा माझ्या हातानं वाटी बाजूला सारली जायची. मी म्हणायचो, मला गोड आवडत नाही. अक्का वाटी उचलायच्या. एकदाच म्हणाल्या, "आवडत न्हाई त्येचं तोंड असं ऱ्हात न्हाई. पास व्हायचं काई बोललंय व्हय?" मी विषय बदलला. पत्र्यावर 'काही नाही' तसंच राहिलं.

तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, जागेचे मालक आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. अक्कांचे लांबचे दीर लागायचे, वाईट माणूस नव्हते. ओसरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "महानंदा, त्या सोनपेठच्या पोराला जेवू घाल, माझं काई म्हणणं न्हाई. पण ते नाव दारातून दिसतंय. रोज चार माणसं मला इचारायलेत. नाव पूस फक्त."

"जेवलेलं चालतंय न् नाव चालत न्हाई व्हय?"

"लोकांचं बघावं लागतं बाई."

"मंग लोकांला सांगा, आत येऊन जेवा. तुमचं बी नाव लिहिते."

आप्पांचा आवाज चढला. जागा सोडण्याची भाषा निघाली. सलीम कामावर होता. आणि मी, महाराज, ताटावरून उठलो. मला वाटलं इथं शहाण्या माणसाची गरज आहे. मी म्हणालो, अक्का, खडूची चार अक्षरं आहेत. सलीमला जेवायला मिळतंय ना? मग नावाचं काय एवढं... अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. खुंटीवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "तुला पटायलंय ना? तूच पूस."

मी पुसलं. सलीमचं नाव, पुढचे रोजे. पत्र्यावर पांढुरका डाग राहिला. अक्का म्हणाल्या, "आता तुझं बी पूस. 'काही नाही' तर लिहिलंय. त्येचं काय एवढं." माझा हात वर गेला आणि तिथंच थांबला. खरं सांगतो, मला ते पुसता आलं नाही. ज्याला मी चार अक्षरं म्हणत होतो, ती माझी होती तेव्हा चार अक्षरं राहिली नव्हती. फडकं ओट्यावर ठेवून मी बाहेर पडलो आणि परत त्या दारात गेलो नाही. परीक्षा संपेपर्यंत बसस्टँडवर जेवलो.

पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी ट्रकवर नावं घालणाऱ्या पेंटरला बोलावलं आणि पत्र्यावरची सगळी नावं ऑइलपेंटनं लिहून घेतली, सलीमचं सगळ्यांत ठळक. पेंटर म्हणाला, अक्का, पोरं सोडून जातात, मग खोडायचं कसं? त्या म्हणाल्या, म्हणूनच तर. महिनाभरात जागा गेली. हातगाड्यावर आधी पत्रा चढला, मग भांडी, आणि रेल्वेच्या फाटकाच्या पलीकडं एका पडवीत खानावळ पुन्हा सुरू झाली. निम्मी गिऱ्हाइकं गेली, निम्मी फाटक ओलांडून आली. मी पास झालो, एम.ए.ला परभणीला आलो. निकालाच्या दिवशी आईनं साखर तोंडात घातली, मी घातली नाही. का, ते मला सांगता येत नव्हतं. सेलूवरून गाडी कितीदा गेली. दर वेळी ठरवायचो, उतरायचं आणि म्हणायचं, अक्का, चुकलो. दर वेळी वाटायचं, त्या ठळक नावांत माझं नसणार. कुठल्या तोंडानं जायचं...

शोकसभेत त्यांना सोशिक म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे. कोण काय मानतो याचा अक्कांनी कधी न्याय केला नाही, पण ज्याचं जे आहे ते उघड्यावर, दारातून दिसेल असं राहिलं पाहिजे, यासाठी त्यांनी जागा सोडली. त्यांचं मिळूनमिसळून राहणं गुळमुळीत नव्हतं. ते पुसून तुम्ही त्यांची आठवण काढणार असाल तर मी तुमच्यात नाही. एकदा मी पुसलेलं आहे. पुन्हा पुसणार नाही.

त्या गेल्याचं मला लगेच कळलं नाही. माझा नंबर बदललेला. सलीमनं मोटारसायकल काढली, आमचं गाव शोधलं, आईकडून नंबर घेतला आणि दुपारी खानावळीत परतून फोन केला. तीन वर्षांनी त्याचा आवाज ऐकत होतो.

"महाराज, अक्का गेल्या रे. आज अकरावा दिवस."

तोच पुढं म्हणाला, "पत्रा धुवाया उतरवला आमी. तुला कुणी सांगितलं का न्हाई, तुझं नाव हाय त्याच्यावर. माझ्या वरलंच."

"काय लिहिलंय? काही नाही?"

"न्हाई." त्यानं पत्र्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग त्यानं एकेक शब्द वाचून दाखवला.

"गोड सोडलंय. पास झाल्यावर विचारणे."