उघड्या गटारातली डहाळी

दोन हजार सतरा साल, मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. आमच्या आळीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलं होतं. त्या भोकात लाल चिंधी बांधलेली कडुलिंबाची डहाळी उभी असायची, कुणी पडू नये म्हणून. एका संध्याकाळी ती खोवणारी बाई दिसली. आमची जुनी नगरसेविका, झाडं जपा म्हणणाऱ्यांच्या पक्षाची, नुकतीच निवडणूक हरलेली.

मी म्हटलं, "बाई, आता कशाला राबता? निवडून आलाय त्याला करू दे की."

"मी हरले म्हणून भोक बुजलं का, बाबा? पोरं इथूनच शाळेला जातात."

"त्याच्यासारखी रस्त्यावर स्वागत-कमान बांधली असती, तर तुम्ही हरला नसता."

"कमान नाही म्हणून कुणाचा पाय मोडत नाही," ती हसून म्हणाली, आणि गेली.

मी तिथंच उभा राहिलो. ती नगरसेविका होती तोवर आळीत कुणी गटारात पडलं नाही. पण जो पडलाच नाही, तो आभार मानायला कुठून येणार? कमान लांबून दिसते. जाग्यावर असलेलं झाकण पायाखाली असूनही दिसत नाही, आणि आम्ही दिसेल त्यालाच मत देणारी माणसं. फार वाईट वाटलं. तिला तसं म्हणायला हवं होतं, पण माझी मान ताठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रिक्षाच्या धक्क्याने डहाळी मोडलेली. मी दारच्या लिंबाची नवी तोडली, तिचीच चिंधी सोडवून बांधली, आणि शाळेची पोरं यायच्या आत भोकात उभी केली.