आडनाव आधी

नील, ईरा, तुमचंही परदेशातल्या कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू झालं, म्हणून हे आताच लिहिते.

लातुरात आपल्या बोअरची मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. मोटर सुरू करण्याआधी तो तिला थोपटतो. त्याची मुलगी कॅनडात पदवीधर झाली, पण नोकरीचा परवाना अडला. पासपोर्टवर तिचं नाव आधी आहे. पदवीवर, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, आडनाव आधी. दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं प्रतिज्ञापत्र महिनाभरात पाठवा, नाहीतर अर्ज रद्द, असं तिथल्या परवाना कार्यालयाने कळवलं होतं. इंग्रजी मसुदा मी लिहिला.

“बाई, हात जोडून विनंती हाय म्हून लिवलं का?”

“अशा कागदात हात जोडत नसतात.”

“लिवा की. शाळेत आडनाव आधी म्याच टाकलं. समदेच टाकतेत हो!”

मी हात जोडण्याची ओळ घातली आणि प्रतिज्ञापत्र कॅनडाला गेलं.

परवा पाहिलं, तर त्याने दुकानाची पाटीही नव्याने रंगवून घेतली होती: नाव आधी, आडनाव नंतर. आता रोज येऊन तो फोन माझ्यापुढे धरतो आणि मी मुलीने पुढे पाठवलेले मेल वाचते.

आज सकाळपर्यंत अर्ज रद्द झालेला नाही.